छाटणीच्या दिवसांतलं लिंबू

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. लोकांना म्हणे या महिन्यात उकडतं. मला उकडत नाही, मी पेटते. नाशिकहून माहेरच्या, सायखेड्याच्या रस्त्याला गाडी लागली की दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षबागा उघड्याबोडक्या उभ्या असतात. नुसत्या काड्या आणि तारा, आणि त्यांच्यावर वाळत चाललेला निळसर पांढरा फवारा. काच खाली असली तर ओल्या चुन्याचा वास थेट नाकात शिरतो. आमचे हे दरवर्षी म्हणतात, "काय छान वास येतोय गं, नवीन रंग दिलेल्या घरासारखा." मी काच वर करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, कारण सांगून झालं, रडून झालं, भांडून झालं, तरी ह्यांना तो वास छानच वाटतो.

हे दिवस आमच्याकडे गोडी छाटणीचे. एप्रिलची छाटणी वेल वाढवायला आणि ऑक्टोबरची घड धरायला, हे द्राक्षाच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दसऱ्याची झेंडूची तोरणं दारावर वाळत असतात, दिवाळीच्या फराळाची अजून बोलणीच चाललेली असतात, आणि हरसूल-पेठकडची मजूर माणसं तवा-पातेली आणि लेकरंबाळं घेऊन बागांवर उतरलेली असतात. दिवसभर कात्र्यांचा कटकट आवाज. काडीवर फुटवा जिथून येतो त्या जागेला आमच्यात डोळा म्हणतात. त्या डोळ्यांची केवढी काळजी! सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचं, फुगला का, सुकला का, किडा तर नाही ना लागला. माणसाच्या डोळ्यांची तेवढी काळजी आमच्या गावात घेताना मी कुणाला पाहिलं नाही.

छाटलेल्या वेलीला बुरशी लागू नये म्हणून बोर्डो फवारतात. बोर्डो म्हणजे दुसरं काही नाही, मोरचूद आणि चुना. मोरचुदाचे निळे खडे आदल्या संध्याकाळी प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजत घालायचे. लोखंडाच्या भांड्यात घातले तर भांडंच खातात. कळीचा चुना सकाळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकायचा आणि त्याच्यावर पाणी सोडायचं. मग तो चुना असा काही रटरट उकळायचा, की खाली जाळ नाही, शेगडी नाही, तरी वाफा निघताहेत. आम्हा मुलांना ते बघायला फार आवडायचं आणि जवळ गेलं की धपाटा बसायचा. गार झाल्यावर चुना गाळायचा आणि मोरचुदाचं पाणी व चुन्याचं पाणी, दोन्ही एकदम तिसऱ्या ड्रममध्ये ओतायचं. आभाळासारखा रंग यायचा त्याला.

मग वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, घासून लखलखीत केलेला विळा त्या निळ्या पाण्यात बुडवायचे. थोडा वेळ धरून बाहेर काढायचे. पातं जसंच्या तसं निघालं तर बोर्डो जमला. पात्यावर तांब्याचा लालसर पापुद्रा चढला तर मिश्रण अजून आंबट आहे, अजून चुना घाला. लिटमसचा कागद आमच्या बागेने कधी बघितला नाही. शाळेत जे आम्ल, आम्लारी, क्षार म्हणून शिकवतात ते आमच्या घरी असं विळ्याच्या पात्यावर दिसायचं. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

चुना भिजवायचं आणि ओतायचं काम आईकडे. कारण काय, तर बाईचा हात सावकाश चालतो. पुरुषांचे हात म्हणजे सोन्याचे, ते कशाला भाजून घ्यायचे! आईच्या तळव्यांची कातडी त्या दिवसांत सोलून निघायची, भाकरी थापताना पिठाला सालं लागायची. तक्रार मात्र नाही. चुना उकळायला लागला की कंबरेवर हात ठेवून बघत राहायची आणि म्हणायची, "तुझ्या बापापेक्षा हा बरा. एकदा उकाळला की गप बसतो." बापूही हसायचे. ते घर तेव्हा हसणारं होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं आमच्याकडे सगळे राक्षसच राहत होते.

आणि दादा. माझा मोठा भाऊ. त्या वर्षी तो बारावी सायन्सला होता आणि मी आठवीत. घरातला पहिला सायन्सवाला! दहावीला विज्ञानात त्याला जे मार्क पडले ते बापू एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. दिवाळीच्या सुट्टीत दादा घरी आला की घराची प्रयोगशाळा व्हायची. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून त्याने पट्ट्या बनवल्या होत्या आणि त्या पट्ट्या तो दिसेल त्यात बुडवायचा. ताक, साबण, चिंचेचं पाणी, राख, बापूंचा दाढीचा फेस, माझी थुंकीसुद्धा. "आई, दही आम्ल आहे," तो म्हणाला. आई म्हणाली, "मंग काय इतकी वर्सं मी तुमाला इख घालत होते व्हय रे?" बापू त्याला पाहुण्यांसमोर उभं करायचे आणि तो पाहुण्यांना पट्टी रंग कशी बदलते ते दाखवायचा. पाहुणे माना डोलवायचे. मला काय येतं ते कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला फार काही येत नव्हतं.

त्या दिवशी विळा लाल निघाला.

बापू म्हणाले, "अजून ओत." आईने चुन्याची बादली उचलून ड्रमच्या कडेवर तिरकी केली. गाळताना निसटलेलं, न विरलेलं एक ढेकूळ तळाला राहिलं होतं. ते धपकन निळ्या पाण्यात पडलं आणि उडालेलं चुन्याचं पाणी सरळ आईच्या डाव्या डोळ्यात गेलं. आई ओरडली. 'आई गं' म्हणून नाही, 'मेले' म्हणूनही नाही. "पाणी! पाणी द्या मला!" असं ओरडली.

पाण्याची टाकी हाताच्या अंतरावर होती. काठोकाठ भरलेली. शेजारी फवारणीचा पंप, त्याचा लांबलचक पाइप, पलीकडे शेततळं. पाणीच पाणी हो सगळं! मी बादली बुडवली आणि धावले. दादाने ती माझ्या हातातून हिसकावली आणि जमिनीवर ओतून दिली. "पाणी नको! चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, दिसत नाही का तुला? डोळा उकळेल तिचा!" आणि मग वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "चुना आम्लारी आहे. त्याला आम्ल पाहिजे. लिंबू!"

अरे, तो चुना सकाळीच उकळून गार झालेला होता. त्याच्यासमोर झालेला होता. पण विज्ञान डोक्यात चढलं की डोळ्यासमोरचं दिसत नाही बहुतेक. बांधावरच्या लिंबोणीचं लिंबू त्याने धावत जाऊन तोडलं, त्याच लाल पात्याच्या विळ्याने चिरलं. मी पुन्हा बादली भरायला वळले तर बापूंनी माझा दंड धरला. "थांब. तो सायन्सचा हाय. त्याला कळतं."

आई तोपर्यंत खाली बसली होती, पदराने डोळा दाबून. "पाणी घाल रे बाळा," ती म्हणत होती, "पाणी घाल आधी." आणि दादा म्हणाला, "आई, तुला काय कळतं त्यातलं? डोळा उघड." तिने उघडला. जळत असलेला डोळा, मुलगा म्हणाला म्हणून दोन बोटांनी ओढून उघडला. त्याने लिंबू पिळलं. ती पुढे कशी ओरडली ते मी कुठेही लिहिणार नाही.

राग यायला एवढं पुरे आहे, पण अजून आहे. ओरडा ऐकून शेजारच्या मंदाकाकू मूठभर हळद घेऊन आल्या आणि त्यांनी ती आईच्या गालावर थापली, जिथे चुना ओघळला होता तिथे. हळद बघता बघता लालभडक झाली. "अगं बाई, रक्त आलं!" काकूंनी हंबरडा फोडला. तर आमचे दादासाहेब काय म्हणाले असतील? "रक्त नाही ते, काकू. हळद दर्शक आहे. आम्लारीत लाल होते." आई मातीत लोळत होती आणि हा तास घेत होता! त्याचं उत्तर बरोबर होतं, हेच मला आजही सहन होत नाही. पेपरात लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांनी जीपमधून उतरवून आईला आत घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ मारलंत?" बापू म्हणाले, "लिंबू पिळलं होतं, साहेब." डॉक्टरांनी बापूंकडे ज्या नजरेने बघितलं तशी नजर मी नंतर कुणाची बघितली नाही. त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. सलाईनच्या बाटल्या फोडून आईच्या डोळ्यात धार धरली, एक संपली की दुसरी. पापणी उलटी करून आत चिकटलेले चुन्याचे कण काढले. मग नाशिकला पाठवलं. नाशिकला बरंच काही केलं. पण बुबुळावर पांढरी साय धरली ती धरलीच. उजेड आणि अंधार तेवढा कळतो त्या डोळ्याला.

नाशिकच्या दवाखान्यात आईच्या खाटेजवळ बसून मी ऐकलं ते असं. एका तरुण डॉक्टरबाईंनी बापूंना समजावलं, की चुना डोळ्यात गेला तर तो आत आत मुरत जातो, म्हणून क्षणाचाही उशीर न करता पाणी घालायचं आणि घालतच राहायचं. आम्ल टाकून तो मारायला गेलं तर त्या दोघांच्या झटापटीत उष्णता निघते आणि आधीच भाजलेला डोळा आणखी भाजतो. शिवाय लिंबू शोधण्यात वेळ गेला तो वेगळाच. बापू मान खाली घालून ऐकत होते. दादा जिन्यात उभा होता. त्याने ऐकलं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी त्याच्याकडेच बघत होते.

गावात परत आल्यावर काय झालं? झाकली मूठ सव्वा लाखाची. "चुना उडाला," एवढंच सांगायचं ठरलं. कुणी ठरवलं नाही, आपोआप ठरलं. लिंबाचं नाव घरात बंद झालं. त्या वर्षी आमच्या घरात लोणचंही घातलं नाही. बघायला येणारे म्हणायचे, "नशिबाचे भोग, दुसरं काय." मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "नशीब नाही, लिंबू." बापूंनी माझ्या थोबाडीत मारली. आईने मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "जाऊ दे गं सरू. पोरानं चांगल्यासाठीच केलं. त्याला आयुष्यभर लागून राहील." मला त्या क्षणी दादापेक्षा आईचाच जास्त राग आला. डोळा तिचा गेला आणि जपायचं कुणाला, तर ज्याने घालवला त्याला! अशाने पोरं शहाणी होत नाहीत, मोठी मात्र होतात.

मी पुढे कला शाखेला गेले. विज्ञान नको म्हणून गेले, हे खरं. आता नाशकातच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे सगळ्या यत्तांची पुस्तकं हाताखालून जातात. तो धडा मी पुष्कळदा उघडून वाचला आहे. आम्ल निळा लिटमस तांबडा करतं, आम्लारी तांबड्याचा निळा करतं. आम्ल अधिक आम्लारी, क्षार अधिक पाणी. किती सुबक! दोन भांडखोर एकत्र आले, मीठ झालं, पाणी झालं, मिटलं भांडण. आणि परिच्छेदाच्या शेपटीला एक वाक्य: या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. हे वाक्य कुणीही अधोरेखित करत नाही. मुलांच्या हातातली जुनी पुस्तकं बघा, समीकरणाला दोन-दोन चौकटी असतात आणि त्या वाक्याला एक रेघ नसते. ग्रंथालयात बसून मी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करते. सरकारी मालमत्तेची नासधूस म्हणून कुणी पकडलं तर पकडू दे.

आणि गाइडांमधला तो लाडका प्रश्न! 'दैनंदिन जीवनातील उदासिनीकरणाची उदाहरणे लिहा.' मधमाशी चावली तर खायचा सोडा लावा, कारण तिच्या डंखात आम्ल असतं. गांधीलमाशी चावली तर व्हिनेगर लावा. पोटात आग पडली तर सोडा घ्या. म्हणजे माणूस ही एक मोठी परीक्षानळी, हे ओता, ते ओता, रंग बदलला की उत्तर बरोबर. माझ्या दादाने हेच पाठ केलं होतं. त्याने आईचा द्वेष केला नाही, निष्काळजीपणाही केला नाही. तो जे शिकला ते त्याने जसंच्या तसं केलं. याचाच तर संताप येतो! वाईट माणसाने डोळा घालवला असता तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

आमच्याकडच्या बागांवर कामाला येणाऱ्या बायकांचंही तेच. छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात ती अंगाला लागली की कातडी लाल होते, आग होते. हातमोजे देतात, पण गरमीने त्यात हात शिजतात म्हणून त्या ते काढून टाकतात, आणि मालक म्हणतो, "आम्ही दिले होते बुवा." पेस्टच्या डब्यावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं. वाचणार कोण आणि कधी? ज्याला वाचता येतं तो घरात बसलेला असतो, आणि ज्याच्या हाताला लागतं तो बांधावर. सूचना छापली की सगळ्यांची जबाबदारी संपते. मला तर वाटतं, हा देश बारीक अक्षरांच्या जोरावर चाललेला आहे.

दादाचं पुढे चांगलं झालं. होणारच. बीएस्सी, एमएस्सी झाला आणि नाशकात, पंचवटीत, त्याने क्लास काढला. खाली क्लास, वर घर. पाटीवर त्याचा हात वर केलेला फोटो आणि खाली लिहिलंय, 'विज्ञान पाठ करू नका, जगा!' ती पाटी पहिल्यांदा बघितली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या क्लासच्या दारात कधी पाय ठेवला नाही, शेजारच्या जिन्यानेच वर जाते. बापू गेल्यावर आई त्याच्याकडेच राहते. तो तिला काही कमी करत नाही, हे कबूल करायला हवं. तिच्या चांगल्या डोळ्याला दर वर्षी तपासून आणतो, भाजी निवडताना उजेड पडावा म्हणून खिडकीशी खुर्ची ठेवलीय. वहिनीपण चांगली आहे. सगळे चांगले आहेत. नुसतं लिंबाबद्दल कुणी बोलत नाही.

या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर, मी आईला भेटायला गेले. दुपार कलत होती. आई खिडकीशी बसून मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर जमिनीवर. खाली तास चालू होता. दादा हल्ली कॉलरला माइक लावून शिकवतो, त्यामुळे वरपर्यंत सगळं ऐकू येतं. आई त्या आवाजाला सरावलेली, तिचं तिकडे लक्ष नसतं. माझं होतं, कारण विषय तोच निघाला होता.

"मधमाशी चावली तर?" दादाचा आवाज आला.

"सोडाऽऽ!" मुलं एका सुरात ओरडली.

"गांधीलमाशी?"

"व्हिनेगरऽऽ!"

"आणि अंगावर चुना उडाला तर?"

"लिंबूऽऽ!"

"शाब्बास! लक्षात ठेवा, आम्लारीला आम्ल. दोन मार्क कुठे गेले नाहीत."

माझ्या हातातली मेथीची काडी मोडली. मला आधी वाटलं, मी चुकीचं समजतेय, हा इतका निर्लज्ज नसेल. मग कळलं, की हा निर्लज्जपणा नाही, त्याहून वाईट आहे. तो इतकी वर्षं हेच शिकवत आला असणार. 'पाणी' असं एकदा जरी म्हणाला असता तरी त्याला स्वतःच्या तोंडून स्वतःचा निकाल ऐकावा लागला असता. म्हणून त्याने लिंबूच बरोबर ठरवून टाकलं. स्वतःला वाचवायला त्याने ते वर्षानुवर्षं मुलांच्या तोंडी घातलं.

मी आईकडे पाहिलं. तिचे हात थांबले होते.

"सरू," ती म्हणाली, "पोरं लिंबू म्हणली ना गं?"

"हो."

"चुना उडाल्यावर लिंबू, असंच ना?"

"असंच. ऐकलंस ना तू."

मला वाटलं, आता नेहमीचं येणार, जाऊ दे गं, त्यानं चांगल्यासाठीच. माझं उत्तर तयार होतं, कित्येक ऑक्टोबरांचं साठलेलं. पण आई म्हणाली, "ही पोरं कुठली येत्यात?"

"कुठली म्हणजे? आडगावची, ओढ्याची, आपल्या सायखेड्याकडचीपण आहेत. व्हॅनने येतात."

"बागावाल्यांचीच की मंग."

"बरीचशी."

"म्हंजे आत्ता घरोघरी चुना भिजला असंल," आई म्हणाली. मांडीवरची मेथी तिने ताटात झटकली आणि उठली. "मला खाली ने."

ज्या क्षणाची मी आयुष्यभर वाट बघत होते तो समोर आला आणि मी तिचा पदर धरला. "आई, थांब, त्याचा तास संपू दे, मग बोलू," असं मीच म्हणाले. मी! आईने माझ्याकडे बघितलं. "तास संपला की पोरं घरी जातील ना," ती म्हणाली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली. मी मागून धावले.

क्लासच्या दारात आम्हाला पाहून दादा थबकला. "काय झालं, आई? बरं नाही का? वर थांब, तास चालू आहे माझा."

"चालू दे," आई म्हणाली आणि बाकांच्या मधून सरळ फळ्यापाशी गेली. फळ्यावर ते समीकरण होतंच. त्याच्या शेजारी मुलांना आवडावं म्हणून दादाने एक लिंबू काढलेलं होतं, पानासकट.

"पोरांनो," आई म्हणाली, "हा माझा डोळा बघा. मागच्यांना दिसत नसंल तर पुढं या." मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. "ह्याच्यात चुना उडाला होता, बागंत, बोर्डो करताना. पाणी घालायचं होतं. धो धो पाणी, दवाखाना येईस्तोवर पाणी. मी मागत होते पाणी. ह्यानं लिंबू पिळलं." तिने हात दादाकडे केला. तिचा आवाज चढला नाही, पण त्याला ती असं कधी बोललेली नव्हती. "माझा लेक हाय हा. हुशार हाय. तवाबी हुशारच होता. तरी पिळलं. तुमी कुणी पिळू नका. तुमच्या आयांना आज जाऊन सांगा."

दादाच्या हातात खडू होता आणि तो त्याच्याकडेच बघत होता, आईकडे नाही, माझ्याकडे नाही. मी त्या क्षणाची किती वेळा कल्पना केली होती! त्याने लाजावं, रडावं, सगळ्यांसमोर खाली बसावं. त्यातलं काही झालं नाही आणि मला त्याची दयाही आली नाही.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन घट्ट वेण्या, हातात उघडं पेन, तेरा-चौदा वर्षांची असेल. गंभीर चेहऱ्याने तिने विचारलं, "सर, हे परीक्षेत येतं का?"

माझा हात शिवशिवला. पण ती बिचारी काय चुकीचं विचारत होती? तिला इथे याच प्रश्नासाठी पाठवलं होतं. सगळी मुलं पेनं धरून सरांकडे बघायला लागली.

दादाने डस्टर उचललं. पानासकट ते लिंबू पुसलं, समीकरणही अर्धं पुसलं गेलं. "नाही," तो म्हणाला. कॉलरचा माइक चालूच होता, त्यामुळे त्याचा तो फाटका आवाज सगळ्या इमारतीला ऐकू गेला. "परीक्षेत नाही येत. लिहून घ्या."